ऐन खिंडीत ऑफलाइन नकाशा गायब! मेमरी कार्ड गंडलंय की ॲप? मदत हवी

रानवाट_७९

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं रतनगड ते हरिश्चंद्रगड करायला गेलो होतो. रतनवाडीतून गडावर चढून गुहेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरून कात्राबाईची खिंड ओलांडायची आणि कुमशेत, पाचनई करत वर जायचं असा बेत. खिंडीपर्यंतची वाट आमच्यातल्या एकाला माहीत होती, पुढचं सगळं माझ्या फोनवर होतं. त्या भागात रेंज नसतेच, म्हणून मी पंधरा दिवस आधीपासून ओस्मअँड या ऑफलाइन नकाशाच्या ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा, कॉन्टूर लाइन्स (समान उंचीच्या रेषा), हिलशेड (चढ-उतारांची छटा) सगळं उतरवून ठेवलं होतं, शिवाय एका अनुभवी ट्रेकरने दिलेला ट्रॅकही (चाललेल्या वाटेची नोंद) टाकला होता.

फोनमध्ये जागा जेमतेम ३ जीबी उरलेली, त्यामुळे १२८ जीबीचं कार्ड ऑनलाइन मागवलं (चांगलं स्वस्तात मिळालं होतं) आणि सेटिंग्जमध्ये डेटा स्टोरेज फोल्डर बदलून कार्डवर नेला. पंधरा दिवस एकदम मस्त चाललं, सिंहगडावर जाऊन तपासूनही आलो. शुक्रवारी रात्री निघायच्या आधी नकाशांचं अपडेट आलं होतं ते केलं, उघडून बघितलं, रतनवाडी कुमशेत सगळं बारीकसारीक दिसत होतं. मग बॅटरी वाचवायची म्हणून फोन बंद करून सॅकमध्ये टाकला तो थेट रविवारी सकाळी खिंडीत चालू केला.

आणि बघतो तर नकाशाच नाही. म्हणजे अगदी कोरा नाही, जगाचा तो ढोबळ नकाशा असतो ना तो दिसतोय, पण झूम केलं की नुसता रंग, ना वाट ना ओढा ना गाव. आपण कुठे आहोत तो निळा बाण मात्र बरोबर. ट्रॅक उघडायला गेलो तर फाईल वाचता येत नाही. दोनदा रीस्टार्ट केला तर तिसऱ्या वेळी फोन म्हणतो एसडी कार्डमध्ये अडचण आहे, फॉरमॅट करा. ते काही केलं नाही.

खिंडीतून उतरल्यावर कारवीच्या रानात तीन वाटा फुटतात, आम्ही चुकीची धरली आणि दीड तास ओढ्याच्या पात्रात उतरत गेलो, पुढे सरळ कातळाचा टप्पा लागला. पाणी चौघांत मिळून दीड लिटर उरलं होतं. परत वर आलो तेव्हा गुरं घेऊन आलेले एक मामा भेटले, त्यांनी काम सोडून आम्हाला कुमशेतच्या वरच्या पठारापर्यंत आणून सोडलं. ते भेटले नसते तर काय झालं असतं याचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर फाईली सगळ्या दिसतायत! नावं बरोबर, साइझ बरोबर. पण कॉपी केल्या की मधेच एरर येते नाहीतर कॉपी होऊनही ॲपला चालत नाहीत. फोन अँड्रॉइड १३. कार्डवर नकाशांशिवाय गाणी आणि ट्रेकचे जुने व्हिडिओ आहेत. हे ॲपचं दुखणं आहे की कार्डाचं की अँड्रॉइडचं? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करू? जानेवारीत परत जायचंय.

घाटमाथा

सगळे सुखरूप आलात हे महत्त्वाचं. कात्राबाईच्या पलीकडे ढोरवाटांनी भलेभले फसतात, त्यामुळे वाट चुकली याचं मनाला लावून घेऊ नका.

आधी एक, फॉरमॅटचं बटण अजिबात दाबू नका आणि त्या कार्डवर आता नवीन काहीही टाकू नका, जे वाचवता येईल ते आधी कॉम्प्युटरवर काढून घ्या.

आता माझा अंदाज. ओस्मअँडमध्ये मेनू, सेटिंग्ज, ओस्मअँड सेटिंग्ज, डेटा स्टोरेज फोल्डर इथे जाऊन बघा सध्या काय निवडलेलं दिसतंय. माझ्या जुन्या फोनवर असं व्हायचं की फोन चालू झाल्यावर कार्ड जागं व्हायला थोडा वेळ लागायचा आणि त्याआधीच ॲप उघडलं की त्याला कार्ड सापडायचं नाही, मग ते फोनच्या आतल्या फोल्डरकडे बघायला लागायचं आणि तिथे तर काहीच नाही, म्हणून नुसता जगाचा ढोबळ नकाशा. तसं असेल तर ॲप पूर्ण बंद करून अर्ध्या मिनिटाने उघडायचं आणि फोल्डर परत निवडायचा, की सगळं जागेवर येतं.

दुसरं म्हणजे फोल्डर कुठला निवडला होता? ४.४ किटकॅटपासून ॲपला कार्डवर मन मानेल तिथे लिहिता येत नाही, त्याचा स्वतःचा ठरलेला फोल्डर असतो, म्हणजे कार्डवर अँड्रॉइड, त्यात डेटा, त्यात ॲपच्या नावाचा फोल्डर. अँड्रॉइड ११ पासून तर हे आणखी कडक झालंय, फाईल मॅनेजरमधूनही तो फोल्डर सहसा उघडू देत नाहीत. जुने लेख वाचून लोक कार्डच्या मुळाशी स्वतःचा ‘नकाशे’ फोल्डर करतात आणि हाताने पाथ टाकतात, ते आता चालत नाही. यादीत एक्स्टर्नल स्टोरेज म्हणून जो पर्याय येतो तोच घ्यायचा.

पण फाईली दिसतात आणि कॉपी होत नाहीत म्हणताय, ते मात्र माझ्या अंदाजात बसत नाहीये. जाणकारांनी बघा.

कार्डरीडर_काका

मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे माझं, चौदा वर्षं हेच काम. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मला दोन गोष्टी सांगा, ते जुने व्हिडिओ कार्डवर कधी टाकलेत, नकाशे उतरवायच्या आधी की नंतर? आणि अंदाजे किती जीबी?

रानवाट_७९

काका, व्हिडिओ नंतर टाकले. नकाशे आधी उतरवले, मग बुधवार-गुरुवारी व्हिडिओ टाकले, ३० जीबीच्या आसपास असतील. नकाशांचं अपडेट शुक्रवारी.

@घाटमाथा दादा, बघितलं, फोल्डर बरोबर एक्स्टर्नल स्टोरेजवरच आहे. अर्धा मिनिट थांबूनही फरक नाही.

कार्डरीडर_काका

मग माझी नव्वद टक्के खात्री आहे की कार्ड नकली आहे. म्हणजे कंपनी नकली असेल नसेल ते सोडा, त्याची कपॅसिटी खोटी आहे. कसं असतं ते नीट सांगतो कारण माझ्याकडे महिन्याला दोन-चार अशी येतात आणि लोक फोनला दोष देत बसतात.

कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात, एक साठवण करणारी चिप आणि एक कंट्रोलर. फोन विचारतो तू केवढा, तेव्हा उत्तर कंट्रोलर देतो. नकली कार्डात चिप असते १६ किंवा ३२ जीबीची आणि कंट्रोलरला शिकवून ठेवलेलं असतं की विचारलं की १२८ सांग. फोनला खरं-खोटं कळायला काही मार्ग नाही, तो विश्वास ठेवतो. पहिले ३० जीबी तुम्ही काहीही टाका, अगदी झकास चालणार, कारण तेवढी जागा खरंच आहे. म्हणून तुमचे पंधरा दिवस छान गेले. त्यापुढे जे लिहाल ते कुठेच जात नाही, नाहीतर फिरून सुरवातीच्या डेटावर जाऊन बसतं आणि जुनंही मारतं. तुमचे व्हिडिओ टाकल्यावर खरी जागा संपली, मग शुक्रवारी अपडेट केलं तेव्हा नवे नकाशे अशा जागी लिहिले गेले जी जागाच अस्तित्वात नाही.

आता तुम्ही म्हणाल फाईली दिसतात कशा. फाईलींची यादी, म्हणजे नाव, साइझ, कुठून सुरू होते वगैरे, ती कार्डाच्या सुरवातीच्या भागात असते आणि तो भाग खरा असतो. पुस्तकाची अनुक्रमणिका छापलेली आहे पण मधली पानं कोरी, तसं. म्हणून नाव बरोबर, साइझ बरोबर, आत काही नाही.

आणि शुक्रवारी रात्री उघडून बघितलं तेव्हा दिसलं कसं, तर नुकतंच लिहिलेलं बरंचसं फोनच्या रॅममध्ये शिल्लक असतं, फोन तिथूनच वाचून दाखवतो, कार्डापर्यंत जातच नाही. तुम्ही फोन बंद केलात, रॅम पुसली गेली, खिंडीत चालू केल्यावर पहिल्यांदा खरोखर कार्डावरून वाचायची वेळ आली. म्हणून तपासायचं असेल तर फोन पूर्ण बंद करून, परत चालू करून, एअरप्लेन मोड टाकून मगच तपासायचं. रीस्टार्ट न करता केलेली तपासणी धरायचीच नाही.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, टेस्ट करा. जे वाचतंय ते आधी काढून घ्या, मग कार्ड रिकामं करून कॉम्प्युटरला लावा. विंडोज असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, उघडल्यावर जर्मन भाषा दिसते, वर इंग्लिशवर टिक करायची. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३. दोघंही तेच करतात, अख्खं कार्ड ओळखीच्या डेटाने भरतात आणि परत वाचून ताडून बघतात. १२८ चं कार्ड आहे म्हणजे काही तास लागणार, रात्री लावून झोपा. मोठ्या ॲडॅप्टरमध्ये घालून लावणार असाल तर त्याच्या डाव्या कडेला बारीक लॉक असतं ते वर सरकवलेलं पाहिजे, नाहीतर लिहिताच येणार नाही आणि तुम्हाला वाटेल कार्ड गेलं. आणि कार्डची साइझ ११९ जीबी दिसली तर घाबरू नका, ते बरोबर आहे, कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, १२८ चे ११९ होतात.

सह्यवेडी

काकांनी फार छान समजावलंय, मला पण आज कळलं.

मी एक वेगळी गोष्ट सांगायला लिहितेय, कारण सगळे नकाशांबद्दल बोलतायत आणि नकाशे काय, परत उतरवता येतात. रानवाट दादा, तुमच्या स्वतःच्या ट्रॅक्सचं काय? ते कुठे आहेत? ओस्मअँडमध्ये डेटा फोल्डर कार्डवर नेला की तुम्ही रेकॉर्ड केलेले ट्रॅक आणि फेव्हरिट्स पण तिकडेच जातात.

माझं काय झालं ते सांगते. तीन वर्षं मी कोकणातून घाटावर येणाऱ्या जुन्या वाटा रेकॉर्ड करत होते, नाणेघाट दाऱ्याघाट सगळ्यांना माहीत असतात पण त्यांच्यामधल्या लहान लहान गुरांच्या, लाकूडफाट्याच्या वाटा, ज्या आता मोडत चालल्यात, गावातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जाऊन एकेक वाट चालले होते. पाण्याच्या जागा, कातळातल्या पावठ्या, कुठे झाडाला खूण आहे, सगळे पॉइंट टाकले होते. एक दिवस ॲप अडकायला लागलं म्हणून मी ते अनइन्स्टॉल करून परत टाकलं. मला वाटलं डेटा तर कार्डवर आहे, ॲप गेलं तरी कार्ड कुठे जातंय. पण ॲपच्या नावाचा तो जो फोल्डर असतो ना, ॲप काढलं की अँड्रॉइड तो फोल्डर पण पुसतं, मग तो फोनमध्ये असो नाहीतर कार्डवर. सगळं गेलं. रिकव्हरीवाल्याकडे नेलं तर थोडे फोटो मिळाले, ट्रॅक एकही नाही. माझ्याबरोबर चाललेल्या त्या आजोबांपैकी दोघं आता नाहीत, त्या वाटा मला परत कोण दाखवणार.

तेव्हापासून प्रत्येक ट्रेकवरून आल्यावर, आंघोळीच्याही आधी, ट्रॅक जीपीएक्स (वाटेची नोंद ठेवायचा फाईलप्रकार) फाईल म्हणून बाहेर काढते आणि स्वतःलाच ईमेल करते. ओस्मअँडमध्ये सेटिंग्जमध्ये बॅकअपचा भाग आहे, तिथून फाईलमध्ये एक्सपोर्ट केलं की ओएसएफ अशी एकच फाईल होते, तिच्यात ट्रॅक, फेव्हरिट्स, सेटिंग्ज सगळं घेता येतं. ऑर्गॅनिक मॅप्स हे दुसरं नकाशाचं ॲप वापरत असाल तर तिथे बुकमार्क केएमझेड म्हणून बाहेर काढता येतात. कृपया आज कराच हे.

अजून एक गोंधळ. फुकटवाल्या ओस्मअँडचा फोल्डर आणि पैसे देऊन घ्यायच्या प्लसवाल्याचा फोल्डर वेगळा असतो, प्लसच्या नावापुढे डॉट प्लस लागतं, आणि एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानावरून घेतलेल्याचं पण तसंच. फुकटवरून प्लसवर गेलात की नकाशे दिसत नाहीत आणि लोक आधीचं ॲप काढून टाकतात. आधी डेटा हलवा, तपासा, मग जुनं काढा.

रानवाट_७९

ताई तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं. माझे आठ-दहा ट्रॅक होते, त्यातले सहा कॉम्प्युटरवर काढता आले, बाकीच्यांच्या फाईली उघडतात पण आत काहीच नाही.

टेस्ट झाली. रात्री साडेदहाला लावली, सकाळी उठून बघितलं तर लाल अक्षरात मीडिया खराब असण्याची शक्यता, आणि खाली लिहिलंय २९.३ जीबी ओके, ८९.८ जीबी डेटा लॉस्ट. काका, तुम्ही कार्ड हातात न घेता सांगितलं होतं.

विक्रेत्याला टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवलाय, परतीची मुदत संपली म्हणतोय. पैशाचं जाऊ दे, पण ज्याने हे विकलं त्याला कल्पना नसेल की याच्या भरवशावर कोणी जंगलात जातं.

आता नवीन घ्यायचं तर कुठलं घेऊ? दुकानात गेलो तर कार्डावर इतकी चिन्हं असतात, क्लास १०, यू३, व्ही३०, ए१, ए२, डोकं फिरतं. आणि फोनने कार्ड टाकल्यावर विचारलं होतं की पोर्टेबल म्हणून वापरू की इंटर्नल म्हणून, तेव्हा मी पोर्टेबल केलं होतं, ते बरोबर केलं ना?

कार्डरीडर_काका

पोर्टेबल केलंत ते अगदी बरोबर. इंटर्नल म्हणून फॉरमॅट करायची सोय अँड्रॉइड ६ पासून आली, सगळ्या फोनमध्ये नसते. त्यात कार्ड त्या एका फोनशी बांधलं जातं, आतला सगळा डेटा एनक्रिप्ट होतो. उद्या फोन दरीत पडला, फुटला, तर ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरला लावून काही उपयोग नाही. डोंगरात जाणाऱ्याने तर ते करूच नये. पोर्टेबल कार्ड मित्राच्या फोनमध्ये घालून निदान ट्रॅक तरी वाचता येतात. काही फोनमध्ये पोर्टेबल कार्डही एनक्रिप्ट करायचा वेगळा पर्याय असतो, तोही बंदच ठेवा.

चिन्हांचं सांगतो. क्लास १०, यू१, यू३, व्ही३० हे सगळं सलग लिहायच्या वेगाबद्दल आहे, म्हणजे व्हिडिओ शूटिंगसाठी. क्लास १० आणि यू१ म्हणजे सेकंदाला कमीत कमी १० एमबी, यू३ आणि व्ही३० म्हणजे ३०. नकाशाच्या ॲपचं काम वेगळं असतं. एक मोठी फाईल असते आणि तुम्ही बोट सरकवलं की ॲप त्या फाईलीत इथून थोडं तिथून थोडं असं शंभर ठिकाणाहून बारीक बारीक तुकडे वाचतं. त्यासाठी बघायचं ए१. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा असं फुटकळ वाचन आणि ५०० वेळा लेखन. ए२ म्हणजे ४००० आणि २०००, पण त्याचा पूर्ण फायदा मिळायला फोनचा कार्ड स्लॉट त्या तोडीचा लागतो, साध्या फोनमध्ये फरक जाणवत नाही, उगाच जास्त पैसे देऊ नका. ए१ लिहिलेलं ६४ जीबीचं घ्या, नकाशांना भरपूर होतं.

कुठून घ्यायचं तर ज्याला उद्या तोंड दाखवता येईल अशा दुकानातून, पक्क्या बिलावर. आणि घेतल्या दिवशीच टेस्ट करा, परत करायची मुदत संपायच्या आत. चांगल्या दुकानातल्या चांगल्या कार्डाचीही करा, मी स्वतः विकायला आणलेल्या प्रत्येक लॉटमधली दोन-तीन तपासतो.

फॉरमॅट फोनमध्येच करा. ६४ आणि त्यापुढची कार्डं बहुतेक एक्सफॅट होतात. ३२ पर्यंतची फॅट३२, त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. राज्याराज्यांचे नकाशे असतील तर प्रश्न येत नाही, पण काही जण सॅटेलाइट फोटोंची एकच अवाढव्य एमबीटाइल्स फाईल बनवतात, ती कॉपी होताना शेवटी अडकते आणि मग जागा असून का होत नाही म्हणून विचारत येतात.

आणि पावसाळ्यानंतर सिमचा ट्रे बाहेर काढून बघत जा. घाम, धुकं, पावसाचं पाणी, कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग येतात आणि कार्ड मधेच जातं-येतं. कोरड्या सुती कपड्याने हलकं पुसायचं, नखाने किंवा ब्लेडने खरवडायचं नाही. फोन चालू असताना ट्रे ओढायचा नाही, आधी स्टोरेजमध्ये जाऊन इजेक्ट, मग ट्रे.

डोंगर_आणि_डबा

मधेच विचारतो, माझ्या फोनमध्ये तो हायब्रिड ट्रे आहे, दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्ही नाही. डोंगरात एका सिमला रेंज नसते तिथे दुसऱ्याला मिळते म्हणून दुसरं सिम काढवत नाही. काय करावं?

घाटमाथा

दुसरं सिमच ठेवा. अडचणीच्या वेळी एक फोन लागणं हे कार्डवरच्या सगळ्या नकाशांपेक्षा मोलाचं आहे. आणि खरं सांगायचं तर कार्डाची गरज का पडते ते आधी बघा, बहुतेकांच्या फोनमध्ये जागा नकाशांनी खाल्लेली नसते, व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओंनी खाल्लेली असते. ते उपसून काढा. ओस्मअँडमध्ये भारताचे नकाशे राज्यानुसार वेगवेगळे आहेत, ज्या राज्यात जाताय तेवढाच ठेवा.

@रानवाट, तुम्हालाही हेच सुचवेन. गाणी-व्हिडिओ कार्डवर आणि नकाशे फोनच्या आत. उलटं केलंत म्हणून अडकलात. व्हिडिओ खराब झाला तर हळहळ वाटेल, नकाशा खराब झाला तर रात्र जंगलात. काहींना वाटतं ॲप इन्फोमध्ये जाऊन ॲपच कार्डवर हलवावं, तेही करू नका, त्याने नकाशे हलतीलच असं नाही.

मी दोन ॲप ठेवतो. ओस्मअँड मुख्य आणि ऑर्गॅनिक मॅप्स जोडीला, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचाच (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) डेटा वापरतात पण फाईली वेगवेगळ्या, एकाची फाईल बिघडली तरी दुसरं उघडतं. गूगल मॅप्सचा ऑफलाइन भाग पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने पोचायला ठीक, चालत जायची वाट तो ऑफलाइन दाखवत नाही. चौघं असाल तर निदान दोघांच्या फोनमध्ये तोच नकाशा आणि तोच ट्रॅक हवा. आणि सर्व्हे ऑफ इंडियाचं १:५०,००० चं टोपोशीट छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत सॅकला ठेवतो, त्यावर ओढे आणि धारा इतक्या व्यवस्थित असतात की नुसत्या होकायंत्राने दिशा लागते.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनीच ठेवा. ॲपमधल्या कॉन्टूर लाइन्स बऱ्याचशा एसआरटीएमच्या डेटावरून काढलेल्या असतात, फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून रडारने केलेली ती मोजणी. साधारण तीस मीटरला एक आकडा. आपल्या सह्याद्रीचा कडा तीस मीटरच्या आत शंभर मीटर खाली जातो, तिथे रडारला नीट दिसतही नाही. त्यामुळे नकाशात उतार सौम्य दिसला म्हणून ओढ्यात उतरू नका. तुम्ही ज्या कातळटप्प्यावर अडकलात तो कदाचित नकाशा असता तरी त्यात दिसला नसता. वाट दाखवलेली असेल तर वाटेवर विश्वास, नुसत्या रेषांवर नाही.

सह्यवेडी

हे शेवटचं शंभर वेळा खरं. कोकणकड्याच्या आसपास तर रेषा कुठल्या कुठे सरकलेल्या दिसतात.

रानवाट_७९

महिनाभराने अपडेट देतोय, कारण असे धागे अर्धवट सुटलेले मलाही आवडत नाहीत.

जुनं कार्ड मोडून फेकलं, कोणाच्या हाती परत लागायला नको. ओळखीच्या दुकानातून ६४ चं ए१ वालं बिलावर घेतलं, त्याच रात्री टेस्ट लावली, ५९ जीबीच्या पुढे आलं आणि एकही एरर नाही. त्यावर आता फक्त फोटो-व्हिडिओ. व्हॉट्सॲप साफ केल्यावर फोनमध्ये ११ जीबी मोकळी झाली, नकाशे आत आणले, दोन्ही ॲप टाकली, मित्राच्या फोनमध्येही तेच. निघायच्या आदल्या रात्री फोन बंद केला, चालू केला, एअरप्लेन मोडवर टाकला आणि खिंडीपासून पाचनईपर्यंत नकाशावर बोट फिरवून सगळं बघितलं, मगच झोपलो.

गेल्या शनिवारी गेलो. कात्राबाई उतरल्यावर त्याच तीन वाटांच्या फाट्यावर थांबलो, बरोबर वाट डावीकडची कारवीतली आहे, पहिली दहा पावलं दिसतच नाही इतकी दाट. तिथे पॉइंट टाकलाय. कुमशेतला मामांकडे गेलो, साखर-चहापत्ती आणि त्यांच्या नातवासाठी बूट नेले होते, त्यांनी नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. मग स्वतः येऊन मुळेच्या पात्राकडे उतरणारी जवळची वाट आणि वाटेतला एक झरा दाखवला, दगडांनी बांधून काढलेला, वर उंबराचं झाड. हे दोन्ही कुठल्याच नकाशात नाही.

ट्रॅक आल्या आल्या स्वतःला मेल केला, ताई, आंघोळीच्या आधी. तो झरा ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायचा आहे. मामा म्हणाले होळीपर्यंत पाणी असतं, पण एप्रिल-मेमध्ये तिथून कोणी गेलं असेल तर कृपया सांगा, म्हणजे बारमाही लिहायचं की हंगामी ते नक्की करता येईल.